माती तीच, पाणी बदललं की वागणं बदलतं : चिकणमाती आणि कलिल

द्विस्तर (धागाकर्ता)

स्लिप (साच्यात ओतायची पातळ माती) घट्ट का झाली, बेंटोनाइटचा (फुगणाऱ्या चिकणमातीचा) घोळ पाणी का सोडतो, गढूळ पाणी आठवडाभर ठेवूनही का निवळत नाही, पाऊस पडल्यावर जमिनीवर पापडी का धरते. हे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर येतात आणि प्रत्येकाला वेगळी उत्तरं मिळतात. खरं तर मूळ एकच आहे, म्हणून हा धागा.

२ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांना माती-विज्ञानात चिकणमाती म्हणतात. कलिलाची (पाण्यात तरंगत राहणाऱ्या अतिबारीक कणांची) हद्द साधारण १ नॅनोमीटर ते १ मायक्रॉन. म्हणजे चिकणमातीचा बारीक भाग सरळ कलिलात मोडतो. या आकाराला वजनापेक्षा पृष्ठभाग महत्त्वाचा ठरतो. केओलिनाइटच्या (चिनी मातीतलं मुख्य खनिज) एका ग्रॅमला १० ते २० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. माँटमोरिलोनाइटला (बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज) आतले थर धरून ७०० ते ८००.

हे कण पत्र्यासारखे चपटे असतात. पत्र्याच्या सपाट बाजूवर कायमचा ऋणभार असतो, कारण स्फटिक तयार होतानाच सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम किंवा ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. कडांचा भार मात्र सामूवर अवलंबून असतो: आम्लधर्मी पाण्यात धन, अल्कधर्मी पाण्यात ऋण. आता कडा धन आणि सपाट बाजू ऋण असेल तर काय होईल? कडा बाजूला चिकटते आणि पत्त्यांचा बंगला उभा राहतो. त्या बंगल्याच्या खोल्यांत पाणी अडकतं. मातीचा घट्टपणा बऱ्याच वेळा मातीचा नसतो, या बंगल्याचा असतो.

ऋणभार झाकायला पाण्यातले धन आयन कणाभोवती गर्दी करतात. ही गर्दी विरळ आणि लांबवर पसरलेली असेल तर कण एकमेकांना दूर ठेवतात. पाण्यात मीठ वाढलं की ती आकसते, कण जवळ येतात आणि आकर्षण जिंकतं. आयनाचा भार जितका जास्त तितकं हे लवकर घडतं. सिद्धांताप्रमाणे एकभारी, द्विभारी आणि त्रिभारी आयनांची साकळवण्याची (कणांचे पुंजके करण्याची) ताकद १ : ६४ : ७२९ अशी वाढते. प्रत्यक्षात आकडे इतके नेटके येत नाहीत, पण क्रम बदलत नाही.

करून बघायचं असेल तर: १० ग्रॅम बारीक चिकणमाती १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात घुसळा, रात्रभर ठेवा, वरचं गढूळ पाणी नळीने काढून घ्या. २०० मिलीचे पाच ग्लास भरा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात २ ग्रॅम मीठ. तिसऱ्यात ०.२ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. चौथ्यात तुरटीच्या द्रावणाचे (लिटरला १ ग्रॅम) २० मिली. पाचव्यात ४ टक्के सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या (कण सुटे ठेवणारं रसायन) द्रावणाचा १ मिली. ढवळून ठेवा. मधल्या तीन ग्लासांत पुंजके धरून पाणी खाली निवळत जाईल. पहिला आणि पाचवा दुसऱ्या दिवशीही गढूळ. पाचव्यात मीठ घालत गेलात तर तो साकळायला दुसऱ्यापेक्षा जास्त मीठ लागतं. नळाचं पाणी वापरलंत तर प्रयोग फसतो, त्यातलं कॅल्शियम आधीच काम करून बसलेलं असतं.

साचेकार

साच्यात ओतायच्या स्लिपचं बोलतो. तिथे उद्देश एकच: कमीत कमी पाण्यात जास्तीत जास्त माती वाहती ठेवायची.

१० किलो कोरडं मिश्रण, ४ लिटर पाणी, २० ते ४० ग्रॅम सोडियम सिलिकेट (कण सुटे ठेवायला; कोरड्या वजनाच्या ०.२ ते ०.४ टक्के). हवं तर त्यातला काही भाग सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट). आधी पाण्यात निम्मं सिलिकेट, मग माती थोडी थोडी, आणि उरलेलं सिलिकेट शेवटी थेंबाथेंबाने. एकदम ओतू नका. जास्त झालेलं काढता येत नाही, मग आणखी माती आणि पाणी घालून सगळा माल वाढवत बसावं लागतं.

मोजमापाचा क्रम पक्का ठेवा. आधी घनता, नंतर प्रवाहीपणा. १ लिटर स्लिपचं वजन १७५० ते १८०० ग्रॅम यायला हवं. कोरडी माती किती आहे ते असं काढा: (वजन − १०००) × १.६२५. म्हणजे १७८० ग्रॅमच्या लिटरमध्ये ७८० × १.६२५ = सुमारे १२६८ ग्रॅम माती आणि ५१२ ग्रॅम पाणी, म्हणजे मातीच्या ४० टक्के. (१.६२५ हा आकडा मातीची घनता २.६ धरून आहे.) घनता बरोबर असूनही स्लिप वाहत नसेल तरच सिलिकेटला हात लावा. लोक नेमकं उलटं करतात: घट्ट वाटली की पाणी ओततात. मग वस्तू जास्त आकसते, साचे लवकर भिजतात, आणि खाली गाळ बसतो तो वेगळाच.

नवशिकी

पण सिलिकेट वाढवत नेलं तर एका टप्प्यानंतर स्लिप पुन्हा घट्ट होते. विखुरणारं औषध जास्त घातल्यावर तर अजून विखुरायला हवं ना?

द्विस्तर

चांगला प्रश्न. सिलिकेट दोन कामं करतं. सामू वाढवून कडांचा धनभार घालवतं, आणि कडांना चिकटून तिथे ऋणभार आणतं. झालं, पत्त्यांचा बंगला कोसळला. शिवाय मातीतल्या कॅल्शियमला अडकवून त्याच्या जागी सोडियम देतं. पण प्रत्येक थेंबासोबत सोडियमही वाढतच असतं. कडा भरून झाल्यावर उरलेलं सोडियम म्हणजे नुसतं मीठ. ते आयनांची गर्दी आकसवतं आणि कण परत चिकटू लागतात.

मात्रा विरुद्ध घट्टपणा असा आलेख काढलात तर तो आधी वेगाने खाली जातो, तळाला सपाट होतो आणि सावकाश वर चढतो. चढावर उभे असाल तर आणखी सिलिकेट म्हणजे आगीत तेल.

साचेकार

आणि तळाला जाऊ नका, तळाच्या किंचित अलीकडे थांबा. तळाला कण इतके सुटे असतात की साच्याच्या भिंतीवर दाट, पाणी न झिरपणारा थर बसतो: जाडी हळू वाढते, वस्तू साच्याला चिकटते, कडा ठिसूळ होतात, ओतल्या जागी डाग उठतो. फार अलीकडे थांबलात तर उलट होतं, जाडी पटकन येते पण वस्तू लिबलिबीत राहते, निथळताना आत ओघळ राहतात, टाचणीएवढी छिद्रं पडतात. थोडासा बंगला उभा असलेला बरा, त्याने वस्तूला ओली असतानाच अंग येतं.

अजून एक. प्लास्टरच्या साच्यातून निघालेलं कतरण परत स्लिपमध्ये टाकताना बेतानं. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट, थोडं विरघळतं. कतरण वाढत गेलं की सगळा हौद रोज थोडा थोडा घट्ट होतो आणि कारण सापडत नाही. मुळात मातीतच सल्फेट असेल तर बेरियम कार्बोनेट ०.१ ते ०.३ टक्के घालतात. त्याने सल्फेट बेरियम सल्फेट होऊन कायमचं अविद्राव्य होतं आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतं. बेरियम कार्बोनेट विषारी आहे. हातमोजे, मास्क, आणि खाण्याच्या भांड्यांपासून लांब.

नवशिकी

ग्लेझ (भांड्यांवर द्यायचा काचेसारखा लेप) बादलीच्या तळाशी दगडासारखं बसतं, त्यालाही सिलिकेट?

साचेकार

नाही! तिथे उलटा रोग आहे. काही फ्रिट (वितळवून दळलेली काच) आणि नेफेलिन सायनाइट (सोडियमवाला खडक) पाण्यात हळूहळू सोडियम सोडतात, कण सुटे होतात, आणि सुटे कण एकेक करून खाली जाऊन घट्ट रचले जातात. पुंजके असते तर गाळ मऊ आणि फुगीर राहिला असता, हाताने सहज ढवळला असता. म्हणून ग्लेझला साकळायला मदत करा. कोरड्या वजनाच्या ०.१ ते ०.२ टक्के एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) गरम पाण्यात विरघळवून घाला, किंवा कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाचे थोडे थेंब. पुढच्या वेळेला १ ते २ टक्के बेंटोनाइट, पण ते इतर कोरड्या पुडींत आधी मिसळून. नुसतं पाण्यात टाकलं तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात, त्या चाळणीलाही दाद देत नाहीत.

खोदकाम

बेंटोनाइट आलंच आहे तर त्याचा खरा उपयोग सांगतो: खोदलेला चर किंवा बोअर कोसळू नये म्हणून भरलेला घोळ.

पाण्याच्या ४ ते ६ टक्के सोडियम बेंटोनाइट. जोरात फिरणाऱ्या पाण्याच्या भोवऱ्यात पुडी भुरभुरत सोडायची, मग १२ ते २४ तास मुरू द्यायचं. मुरण्याला पर्याय नाही. ताजा घोळ पातळ दिसतो म्हणून लोक पुडी वाढवतात, आणि सकाळी पंप अडकतो.

तपासणीला मार्श फनेल (घट्टपणा मोजायचं नरसाळं): ९४६ मिली बाहेर पडायला साधं पाणी सुमारे २६ सेकंद घेतं, घोळाला ३२ ते ५० सेकंद हवेत. ताज्या घोळाची घनता १.०३ ते १.१०, सामू ८ ते ११. थांबला की घोळ जेली होतो, ढवळला की परत वाहतो. या गुणामुळेच पंप बंद पडला तरी खोदलेली भुकटी तळाशी न जाता लटकून राहते. चराच्या भिंतीवर पातळ साय धरते आणि त्या सायीवर घोळाचा दाब बसून माती आवरली जाते. साय जाड आणि भुसभुशीत येत असेल तर समजा घोळ साकळलाय.

कारण नव्वद टक्के वेळा कॅल्शियम. कठीण पाणी, नाहीतर काँक्रीट भरताना मिसळलेलं सिमेंट. पाण्याचं आधीच करून ठेवा: २०० मिग्रॅ प्रति लिटर कठीणपणा (कॅल्शियम कार्बोनेट धरून) असेल तर सोडा ॲश घनमीटरला सुमारे ०.२ किलो, आणि ती बेंटोनाइटच्या आधी. नंतर घातलीत तर निम्मा फायदा. खाऱ्या पाण्यात काम असेल तर बेंटोनाइट गोड्या पाण्यात मुरवून मग खाऱ्यात मिसळा. कोरडी पुडी थेट खाऱ्या पाण्यात फुगत नाही, वाळूसारखी तळाला बसते. तिथे ॲटापल्जाइट (दुसऱ्या जातीची चिकणमाती) बरं: ते फुगून नव्हे, सुयांसारखे कण एकमेकांत अडकून घट्ट होतं, त्यामुळे मिठाची त्याला फिकीर नसते.

चाळण

बाजारात 'बेंटोनाइट' या नावाखाली काहीही मिळतं. ओळखायचं कसं?

खोदकाम

१०० मिलीचं मोजपात्र, डिस्टिल्ड पाणी, वाळवून बारीक केलेली २ ग्रॅम पुडी. ०.१ ग्रॅमची चिमूट पाण्यावर भुरभुरायची, ती खाली जाऊ द्यायची, दर १० मिनिटांनी पुढची. ढवळायचं नाही. २ ग्रॅम संपायला तीन तासांहून जास्त लागतात, आणि घाई केली तर आकडा खोटा येतो. १६ तासांनी फुगलेल्या थराची वरची रेघ वाचा. चांगलं सोडियम बेंटोनाइट २४ मिली किंवा जास्त दाखवतं, कॅल्शियमवालं दहाच्याही आत राहतं.

कॅल्शियम बेंटोनाइट वाया जात नाही. ३ ते ५ टक्के सोडा ॲश घालून, ओलसर मळून, काही दिवस झाकून ठेवलं की कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं आणि फुगवण वाढते. सोडा जास्त झाला की परत घटते. कारण वर द्विस्तर यांनी सांगितलंच आहे.

चाळण

म्हणजे सगळ्या चिकणमात्या कमीअधिक फुगतात, असंच ना?

द्विस्तर

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. केओलिनाइटचे थर ०.७२ नॅनोमीटर अंतरावर हायड्रोजन बंधांनी शिवलेले असतात, आत पाणी शिरत नाही. इलाइट या तिसऱ्या प्रकारात थरांच्या मधल्या खळग्यांत पोटॅशियम नेमकं बसून कुलूप लावतं. माँटमोरिलोनाइटमध्ये थरांचा भार कमी, मधले आयन सैल, म्हणून पाणी आत घुसतं. मधलं आयन सोडियम असेल तर थर जवळजवळ सुटे होतात. कॅल्शियम असेल तर दोन-तीन पाण्याच्या थरांवर थांबतात. दर १०० ग्रॅमला आयन विनिमय क्षमता (किती आयनांची अदलाबदल होऊ शकते ते) केओलिनाइटची ३ ते १५ मिलिइक्विव्हॅलंट (आयनांच्या भाराचं माप), इलाइटची १० ते ४०, माँटमोरिलोनाइटची ८० ते १५०. शोषणासाठी, रस किंवा वाइन निवळवण्यासाठी माँटमोरिलोनाइट का आणि केओलिन का नाही, याचं उत्तर या आकड्यांतच आहे. (वाइनचा सामू ३ ते ३.५ असतो, तिथे प्रथिनांवर धनभार येतो आणि ती ऋणभारी थरांना जाऊन चिकटतात.)

निवळ

आता पाणी. आधी एक हिशेब, कारण 'ठेवून दिलं की बसतंच' असं हमखास ऐकू येतं. २० अंश सेल्सियसला १० सेंटिमीटर खाली जायला ५० मायक्रॉनच्या वाळूला ४५ सेकंद लागतात. २० मायक्रॉनच्या पोयट्याला साडेचार-पाच मिनिटं. २ मायक्रॉनच्या चिकणमातीला पावणेआठ तास. ०.१ मायक्रॉनच्या कणाला कागदावर सव्वाचार महिने, आणि प्रत्यक्षात कधीच नाही, कारण पाण्याचे रेणू त्याला ढकलत राहतात. वेळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो: आकार दहा पट कमी, वेळ शंभर पट जास्त. म्हणून कण मोठे करणं हाच मार्ग, आणि तुरटी तेच करते.

मात्रा अंदाजाने ठरवू नका, जार टेस्ट करा. सहा भांड्यांत १-१ लिटर पाणी. १० ग्रॅम प्रति लिटर तुरटीचं द्रावण करा, म्हणजे त्याचा १ मिली = १० मिग्रॅ. सहा भांड्यांत १ ते ६ मिली. मिनिटाला १०० ते १५० फेऱ्यांच्या वेगाने १ मिनिट, मग मिनिटाला ३० ते ४० फेऱ्यांनी १५-२० मिनिटं, मग ३० मिनिटं स्थिर. वरचं पाणी पिपेटने काढून गढूळपणा मोजा. हळू ढवळण्याचा टप्पा लोक उरकून टाकतात, पण पुंजके तिथेच वाढतात. आणि पुंजके धरल्यावर जोरात ढवळलंत तर तुटतात, पुन्हा तितके मोठे होत नाहीत.

दोन चुका नेहमीच्या. एक, अल्कता (पाण्याची आम्ल पचवायची क्षमता) संपणे. दर १ मिग्रॅ तुरटी सुमारे ०.५ मिग्रॅ अल्कता खाते (ॲल्युमिनियम सल्फेट आणि कॅल्शियम कार्बोनेट धरून). मऊ पाण्यात सामू ६ च्या खाली घसरतो, हायड्रॉक्साइडचे पुंजके होत नाहीत आणि ॲल्युमिनियम विरघळलेलं राहतं. चुना किंवा सोडा ॲश घालून सामू ६ ते ७.५ मध्ये ठेवा. दुसरी, मात्रा जास्त होणे. कणांचा ऋणभार शून्यावर येऊन थांबत नाही, पुढे धन होतो, आणि धनभारी कणही एकमेकांना तितकेच दूर ढकलतात. चौथ्या भांड्यात निवळलेलं पाणी सहाव्यात परत गढूळ दिसलं तर चकित होऊ नका.

आणि निवळलेलं पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. क्लोरिन किंवा उकळणं वेगळं.

ढेकूळ

शेतजमिनीत नेमकं हेच चालतं. मातीच्या कणांवरच्या विनिमय जागांपैकी (जिथे आयनांची अदलाबदल होते) १५ टक्क्यांपेक्षा जास्त सोडियमने व्यापल्या की जमीन चोपण. ओली असताना लोण्यासारखी, वाळल्यावर विटेसारखी. सुटे झालेले कण पाण्याबरोबर खाली जाऊन छिद्रं बुजवतात आणि निचरा बंद पडतो.

तपासायला सोपं: ३ ते ५ मिमीचं ढेकूळ, ओलावा आहे तसाच ठेवून, १२५ मिली डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका. २ मिनिटं, १ तास आणि ६ तासांनी बघा. ढेकूळ फुटून नुसता ढीग झाला आणि पाणी स्वच्छ राहिलं तर ते ढासळणं, विखुरणं नव्हे. ढेकळाभोवती दुधट वलय पसरलं तर सोडियमचा संशय धरा.

उपाय जिप्सम (कॅल्शियम सल्फेट). १५ सेंटिमीटर थरातलं १०० ग्रॅम मातीमागे १ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम काढायला हेक्टरी सुमारे १.९ टन शुद्ध जिप्सम लागतं. प्रत्यक्षात शुद्धता बघून वाढवा. पण सगळ्यात मोठी चूक क्रमाची. जमीन खारी आणि चोपण दोन्ही असेल तर मिठामुळे कण साकळलेले असतात आणि पाणी बऱ्यापैकी मुरतं. अशा जमिनीला आधी गोडं पाणी देऊन मीठ धुतलं की सोडियम तिथेच राहतं, मीठ जातं, आणि जमीन बंद होते. आधी जिप्सम, मग धुलाई, आणि धुतलेलं पाणी निघून जायला चर. चर नसेल तर बाकी सगळं फुकट.

खोदकाम

ढेकूळ यांनी सांगितलेलं निसर्गात डोंगराएवढ्या प्रमाणावर घडतं. नॉर्वे, स्वीडन, कॅनडा इथल्या 'क्विक क्ले' समुद्रात साचल्या. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मिठात पत्त्यांचा बंगला रचला गेला, मग जमीन वर आली आणि हजारो वर्षं गोडं पाणी झिरपून मीठ २ ग्रॅमच्याही खाली आलं. बंगला उभाच, पण सांधे गेलेले. हात लागेपर्यंत माती घट्ट, हलवली की ओतता येईल इतकी पातळ. २९ एप्रिल १९७८ ला नॉर्वेतल्या रिसा इथे तळ्याकाठी सुमारे ७०० घनमीटर माती टाकली गेली आणि ५० लाख घनमीटरहून जास्त जमीन वाहून गेली. ही माती माँटमोरिलोनाइट नव्हे, मुख्यतः इलाइट आणि क्लोराइट, दोन्ही न फुगणारी खनिजं. म्हणजे फुगणारी माती तेवढी धोक्याची, हेही खरं नाही. तिथे काही ठिकाणी उपाय म्हणून जमिनीत पोटॅशियम क्लोराइडच्या विहिरी करतात. मीठ परत दिलं की माती परत बळकट.

नवशिकी

पाच ग्लास केले. पाचवा ग्लासही निवळला! हेक्सामेटाफॉस्फेटचं द्रावण तयारच होतं, तेच घातलं.

द्विस्तर

किती जुनं द्रावण? हेक्सामेटाफॉस्फेट पाण्यात हळूहळू तुटून साधं ऑर्थोफॉस्फेट होतं, आणि द्रावण आम्लधर्मी असेल तर जास्त वेगाने. मग त्याचा विखुरण्याचा गुण जातो. लिटरला ३३ ग्रॅम हेक्सामेटाफॉस्फेट आणि ७ ग्रॅम सोडियम कार्बोनेट असं करा, सामू ८ ते ९ वर राहतो. महिन्याभरात संपवा आणि बाटलीवर तारीख लिहा. शिवाय पाणी डिस्टिल्डच होतं ना, तेही बघा.

नवशिकी

बाटलीवर तारीखच नाही. नवं करते.